३५ शब्दांची शपथ

सिल्व्हर स्प्रिंग,
२२ जानेवारी २००९

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा फोनवर आईने पहिलं काय विचारलं, तर कानटोपी घातली होतीस ना? घातली होती गं. कानटोपी, मफलर, तू विणलेला मोरपंखी स्वेटर आणि वर जाड कोट. तरी भर दुपारी पारा शून्याखाली, आणि सकाळी नऊनंतर पायाची बोटं आपली आहेत असं वाटतच नव्हतं. पण हे पत्र खरं म्हणजे बाबांसाठी. बाबा, तुम्ही रात्री साडेदहाला जागे राहून टीव्हीवर ओबामांचा शपथविधी पाहिलातच. जे त्यात दिसलं नसेल ते लिहिते.

धाकटीला ह्यांच्याजवळ ठेवून मी एकटीच निघाले. त्या दिवशी मेट्रो पहाटे चारलाच सुरू केली होती, तरी डब्यात मुंगीला शिरायला जागा नाही. मॉल म्हणजे शपथविधीचं लांबलचक मैदान, त्याच्याजवळचं स्मिथसोनियन स्टेशन बंद, म्हणून मेट्रो सेंटरला उतरून अंधारात चालत गेलो. तिकीटवाले पुढे, कॅपिटॉलच्या, म्हणजे इथल्या संसद भवनाच्या पायथ्याशी. आम्ही बिनतिकिटाचे मागे, वॉशिंग्टन स्मारकाच्या उतारावर, जवळजवळ दोन किलोमीटर लांब. ओबामा दिसले ते मोठ्या पडद्यावरच. शपथविधीसाठी अख्खा मॉल लोकांना खुला करण्याची ही पहिलीच वेळ होती. माणसं १८ लाख असावीत असा अंदाज सांगतात. आपलं सगळं इंदूर घरांना कुलपं लावून एका मैदानात येऊन उभं राहिलंय, असं समजा.

माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या. निवृत्त शिक्षिका, अलाबामाहून रात्रभर बसने आलेल्या. त्यांच्या लहानपणी तिथल्या शहरात काळ्या माणसांनी बसच्या मागच्याच बाकांवर बसायचं, असा कायदा होता. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, आपण जुन्या घराचा पत्ता सांगतो तसं. आई, तुझ्या तिळगुळाच्या वड्या खिशात होत्या, त्यातली एक त्यांना दिली. ‘गोड बोला’चा अर्थ सांगितला, तर म्हणाल्या, आज नाही बोलायचं तर कधी!

त्यांनी वर्षानुवर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. तुमच्यासारखंच, बाबा. तुम्ही वर्गाकडून संविधानाची उद्देशिका पाठ करून घ्यायचात, त्या राष्ट्राध्यक्षांची शपथ पाठ करून घ्यायच्या. मोजून ३५ शब्द आहेत, अमेरिकेच्या संविधानातच लिहून ठेवलेले. लिंकनने १८६१ साली ज्यावर शपथ घेतली तेच बायबल ओबामांसमोर धरलं होतं. आजूबाजूला इतकी शांतता की कुणाचं तरी लहान मूल शिंकलं तेही ऐकू आलं. बाई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत शपथ म्हणत होत्या. आणि सरन्यायाधीशांकडून ‘फेथफुली’ (निष्ठेने) हा शब्द जागा चुकून पुढे गेला. ओबामा थांबले. बाईंनी खाडकन डोळे उघडले आणि तो शब्द मोठ्याने, जिथे हवा तिथे म्हटला! मग टाळ्या, रडणं, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडणं, सगळं झालं. बाई मात्र माझा हात धरून म्हणत राहिल्या, तो शब्द नीट व्हायला हवा होता.

खरं तर संविधानाप्रमाणे दुपारी बाराचा ठोका पडला तेव्हाच ते राष्ट्राध्यक्ष झाले होते, शपथ त्यानंतर पाचेक मिनिटांनी झाली. तरी काल संध्याकाळी व्हाइट हाऊसमध्ये त्यांनी ती पुन्हा घेतली, सगळे शब्द आपापल्या जागी ठेवून. बातमी ऐकली आणि मला पहिल्या आठवल्या त्या बाई. कुठेतरी ऐकून त्यांनी मान डोलावली असेल. मला फार बरं वाटलं, बाबा. इतक्या मोठ्या पदाचं काम, आणि एका शब्दासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं.

भाषणात त्यांनी ख्रिश्चन, मुसलमान, ज्यू यांच्याबरोबर हिंदूंचंही नाव घेतलं, आणि धर्म न मानणाऱ्यांचंही. माझ्या पुढच्या शीख मुलाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं नुसते हसलो.

परतताना मात्र मी घाबरले होते. लाखो माणसं एकदम निघाली आणि बाहेर पडायचे रस्ते अडवलेले. तेव्हा आपल्या इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, आठवल्या. मिलच्या झांक्या बघायला रात्रभर जेल रोडवर बसायचो, आणि उठताना तुम्ही सांगायचात, गर्दीत बोट नाही धरायचं, मनगट धरायचं. बोट सुटतं. मी बाईंचं मनगट धरलं, त्यांनी माझं. त्यांची बस सापडेपर्यंत सोडलं नाही. दीड तास लागला.

बाबा, एक विचारायचं होतं. मी चौथीत असताना तुमची निवडणुकीची ड्यूटी सांवेरकडच्या एका गावात लागली होती. मतपत्रिकांच्या हिशोबात एक कमी येत होती म्हणून तुम्ही रात्रभर आला नाहीत आणि आई रामबागेतल्या घराच्या ओट्यावर बसून होती. सकाळी आलात, दोन ग्लास पाणी प्यायलात आणि झोपलात. ती एक मतपत्रिका शेवटी कुठे सापडली? पुढच्या पत्रात नक्की लिहा.

तुमची,
लेक