दम किती कमी झाला, ते मोजून लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सरून थंडी पडू लागली, गुऱ्हाळे पेटली, की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या दवाखान्यांत धाप लागलेल्यांची गर्दी वाढते. त्यांतल्या पुष्कळांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, असतो. कुणाला विडीमुळे, कुणाला जन्मभर चुलीपुढे बसल्यामुळे. तपासणी मात्र ठरलेली: बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, ‘बरं वाटतंय ना?’ आणि पुन्हा तोच तोंडाने औषध ओढायचा पंप. तीन महिन्यांपूर्वीपेक्षा माणूस सुधारला की खालावला, हे कागदावर कुठेच सापडत नाही.

नुसत्या क्लिपवर विसंबू नये. बसल्या जागी ९५ असलेला आकडा थोडे चालल्यावर ९०च्या खाली येऊ शकतो. थंडगार बोटे, नखावरची मेंदी किंवा नेलपॉलिश यांमुळेही तो चुकतो. फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, निदानासाठी हवीच. पण तिचा आकडा सारखाच असलेल्या दोघांपैकी एक जण बाजाराला चालत जातो आणि दुसऱ्याला अंघोळ करतानाही धाप लागते. म्हणून त्रास वेगळा मोजावा लागतो.

त्यासाठी ‘कॅट’ ही आठ प्रश्नांची यादी आहे. खोकला, कफ, छाती भरणे, चढावर लागणारा दम, घरकाम, घराबाहेर पडण्याचा धीर, झोप, अंगातली ताकद. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ४०. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. दोन गुणांचा फरकही दखल घेण्याजोगा मानतात. चूक होते ती विचारण्यात. बाई उत्तर द्यायला तोंड उघडते तोच शेजारी बसलेला तिचा मुलगा ‘नाही हो, आता बरी आहे’ म्हणून मोकळा होतो, आणि कागदावर १ पडतो. उत्तर रोग्याचेच हवे, आणि प्रश्न त्याला घरी बोलतो त्याच भाषेत वाचून दाखवायला हवा. मराठी आजीला कन्नड कागद देऊन खुणा करायला लावल्या, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. दुसरी फसगत याहून मोठी. खानापूरच्या डोंगराळ वाडीतला म्हातारा ‘चढताना दम लागत नाही’ म्हणतो, कारण त्याने चढणेच सोडलेले असते. ‘शेवटचे चढून कधी गेलात?’ हे विचारल्याशिवाय शून्य लिहू नये.

चालण्याची चाचणी सहा मिनिटांची. सपाट, सरळ ३० मीटर जागा, दोन्ही टोकांना खूण, खुर्ची आणि घड्याळ. दम लागला तर थांबायची मुभा आहे, पण घड्याळ थांबवायचे नाही. सोबत गप्पा मारत चालू नये, मधेच ‘चला, चला, पळा’ असे ओरडूही नये. दोन्हींमुळे अंतर बदलते. १० मीटरच्या व्हरांड्यात वळणांतच वेळ जातो, म्हणून तिथले अंतर ३० मीटरवरच्या अंतराशी ताडून पाहता येत नाही. पहिल्या खेपेला अर्ध्या तासाच्या विश्रांतीने दोनदा चालवावे आणि जास्तीचे अंतर धरावे, कारण दुसऱ्यांदा माणूस सरावाने जास्त चालतो. पुढच्या भेटीत साधारण ३० मीटरचा फरक पडला तर तो खरा समजावा.

एवढी जागा प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा नसते. तिथे एक मिनिट उठ-बस पुरते: हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात कमरेवर, मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहिले ते मोजायचे. खुर्ची दर वेळी तीच हवी, बुटकी आली की आकडा घसरतो. मिनिट संपताच क्लिप काढू नये, ऑक्सिजन पुष्कळदा त्यानंतरच सर्वांत खाली जातो. गुडघे धरलेले असतील तर तसे शेजारी लिहावे, नाहीतर गुडघ्याचा दोष फुप्फुसावर जातो.

सीमाभागात सर्वांत जास्त हरवते ती दम बळावल्याची नोंद. एकदा माणूस बेळगावला दाखल होतो, पुढच्या वेळी चंदगड नाहीतर गडहिंग्लजला, निपाणीचा असेल तर कोल्हापूरला. एक कागद कन्नडमध्ये, एक इंग्रजीत, एक घरी राहिलेला. गेल्या वर्षी दम किती वेळा बळावला, यावरूनच पुढच्या वर्षीचा धोका सर्वांत चांगला कळतो, आणि नेमके तेच डॉक्टरांपुढे येत नाही.

म्हणून जिल्हा आरोग्य खात्याकडे आमची मागणी साधी आहे. मराठी आणि कन्नड दोन्हींत छापलेले एक जाड कार्ड रोग्याच्याच हाती द्यावे. त्यावर तारीख, वजन, कॅटचे गुण, चाललेले अंतर किंवा उठ-बस, सर्वांत खाली गेलेला ऑक्सिजन आणि दम बळावल्याच्या तारखा असाव्यात. प्रत्येक तारखेपुढे स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक लागले का, दाखल व्हावे लागले का, तेही. दर तीन महिन्यांनी पंप कसा ओढतात ते करून दाखवायला सांगावे आणि त्यासाठी शेवटचा रकाना ठेवावा. गुण वाढलेले दिसले की औषध बदलण्याआधी तो रकाना बघावा. पुष्कळदा औषध घशातच राहिलेले असते.

आपले,
श्वसन-पुनर्वसनाचे काम करणारे फिजिओथेरपिस्ट, बेळगाव