सव्वातीनच्या खेळाला येणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी चित्रपटाला प्रेक्षक नाहीत, ही ओरड वर्षातून दोन-चारदा तरी होतेच. निर्माते पत्रकार परिषद घेतात, मल्टिप्लेक्सवाले रिकाम्या खुर्च्यांचे आकडे पुढे करतात, एखादा पक्ष ‘आमच्या स्टाइलने’ समजावण्याची भाषा करतो आणि पुढच्या शुक्रवारी सगळं जिथल्या तिथे. या गदारोळात नोकरी करणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा रे, तू सुटतोस किती वाजता? म्हणून हा पत्रप्रपंच.

मी एका सरकारी बँकेच्या भोर तालुक्यातल्या शाखेत अधिकारी आहे. राहायला पुण्यात. शाखेचं शटर चारला खाली येतं म्हणजे आम्ही चारला सुटतो, असा लोकांचा अजूनही गोड समज आहे. शटरमागे कॅश टॅली करायची असते, व्हाउचर तपासायची असतात आणि मग वरच्या कार्यालयाची व्हिडिओ मीटिंग. तिथे कर्जवसुलीइतकाच जाब विम्याचा. ‘४३६ चे किती झाले? २० चे किती? अटल पेन्शनचा आकडा हलत का नाही?’ (४३६ आणि २० म्हणजे जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वर्षाचे हप्ते.) हे आटोपून कात्रजच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत सिनेमा सोडाच, टीव्हीवरच्या बातम्याही संपलेल्या असतात.

२०२५ च्या पावसाळ्यात त्यात भर पडली ती री-केवायसीच्या, म्हणजे खातेदाराची ओळख आणि पत्ता पुन्हा तपासण्याच्या शिबिरांची. जनधनची पहिली खाती २०१४-१५ मध्ये उघडली. दहा वर्षं झाली की केवायसी पुन्हा करावी लागते, म्हणून १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ अशी देशभर मोहीम निघाली आणि ग्रामपंचायतींमध्ये शिबिरं लागली. मोहीम वाईट होती असं मी म्हणणार नाही. ज्या वाडीतून दिवसाला एखादीच एसटी निघते, तिथल्या म्हाताऱ्या माणसाने शाखेत खेपा घालण्यापेक्षा आम्ही तिकडे गेलेलं केव्हाही बरं. पण आमच्या शाखेत माणसं मोजकी. आम्ही शिबिराला गेलो तर काउंटरवर कोण बसणार? मग आमची शिबिरं लागायची ती सुट्टीच्याच दिवशी.

एका शिबिरात एक आजी आल्या होत्या. त्यांचा थम, म्हणजे यंत्रावरचा अंगठा, काही केल्या लागेना. आमचा भाताचा तालुका. उभी हयात चिखलात भाताची रोपं लावण्यात गेली की बोटांवर रेषा राहतात कुठे? बँकमित्राने (गावात बँकेची कामं करणारा प्रतिनिधी) बोट पुसायला लावलं, आजींनी पदराला पुसलं. तेलकट केसांवरून फिरवून पाहिलं. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग एकेक बोट. तेवढ्यात रेंज गेली, ती आली, यंत्राने पुन्हा नकार दिला. शेवटी आजी वैतागून म्हणाल्या, “आगं, माझंच बोट हाय. दुसऱ्याचं कशापायी आणू मी?” यातली मेख अशी की नाव, पत्ता काहीच बदललेलं नसेल, तर साध्या स्वयंघोषणापत्रावर री-केवायसी होते, नियमच तसा आहे. पण वरून जो तक्ता रोज भरून मागत, त्यात रकाना अंगठ्यांचा. कागदावर केलेलं काम कामात धरलं जात नाही. आजींचा अर्ज मी कागदावरच घेतला. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, ‘आजचा आकडा कमी का? जिओटॅग केलेले फोटो कुठे आहेत?’ (म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले.)

आता सिनेमाकडे येते. १२ सप्टेंबरला, शुक्रवारी, ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी चित्रपट एकदम आले. एकाच शुक्रवारी तिघांनी एकमेकांच्या ताटात हात का घालावा, हे निर्मात्यांनाच विचारायला हवं. त्याचं खापर मल्टिप्लेक्सवर फोडता येणार नाही. दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे आमची हक्काची सुट्टी. ती शिबिरात गेली, हे सांगायला नकोच.

‘दशावतार’ मला पुढच्या आठवड्यात पाहता आला, कारण तो चालला आणि आमच्या भागात त्याला रात्रीचे खेळ मिळाले. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते. नजर अधू झालेली, मुलगा ‘आता पुरे’ म्हणतोय आणि तरी तोंडाला रंग लावल्यावाचून ज्याला राहवत नाही, असा बाबुली मेस्त्री त्यांनी असा उभा केलाय की आमच्यासारख्या रिटायरमेंटला किती वर्षं उरली ते मोजणाऱ्यांना जरा लाजच वाटावी. उत्तरार्ध मला ताणलेला आणि काहीसा कर्कश वाटला. पण थिएटर भरलेलं होतं, आणि त्यात आमच्यासारखी डबा-पिशवीसकट थेट कामावरून आलेली माणसं बरीच होती. मग प्रेक्षक नाहीत ते कुठे?

१९ सप्टेंबरला आला ‘साबर बोंडं’. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळवला. मराठीला हा मान मिळाला याचे मथळे सगळ्यांनी छापले, आपणही छापले असतील. माझ्या घराजवळ त्याचा खेळ होता दुपारी सव्वातीनचा, तोही कामाच्या दिवशी. मी रजा टाकून गेले. मुंबईत कॉल सेंटरला नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, हे पाहताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो याला एवढी रजा दिली कुणी! नोकरी माणसाला अशी अंगवळणी पडते. पुढे मात्र चित्रपटाने रजेचा विचार पार विसरायला लावला. बालपणीच्या मित्राबरोबरचं त्याचं हळूहळू उमलणारं नातं, आणि सगळं ठाऊक असूनही मुलाला जवळ घेणारी आई. कॅमेरा हलत नाही, कुणी आवाज चढवत नाही. लग्नासाठी मागे लागणाऱ्या नातेवाइकांपुढे ही आई जशी वागते, ते पाहायला आमच्या शाखेतल्या निम्म्या बायकांना मी घेऊन गेले असते. पण सव्वातीनला त्या काउंटरवर असतात. त्या दिवशी थिएटरात दोन निवृत्त जोडपी आणि काही कॉलेजची मुलं, एवढाच कारभार. पुढच्या आठवड्यात चित्रपट थिएटरातून गेला.

अशा रिकाम्या खेळाचा आकडा मग पुरावा म्हणून दाखवला जातो.

२०१५ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी खेळ सक्तीचा करण्याची घोषणा केली होती. गहजब झाला, बैठका झाल्या आणि ‘६ ते ९’ चं ‘दुपारी १२ ते रात्री ९’ झालं. ऐकायला उदार वाटतं. पण दुपारी १२ चा खेळ लावूनही नियम पाळला गेला, म्हटल्यावर संध्याकाळ कोण कशाला देईल? गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला. पाच दिवसांच्या आठवड्याचा समझोता बँका आणि संघटनांत मार्च २०२४ मध्ये होऊन गेला, बदल्यात रोज ४० मिनिटं जास्त बसायचीही आमची तयारी आहे. घोडं अडलंय ते सरकारी मंजुरीपाशी. तोवर बाकीच्या आठवड्यांत आम्हाला सिनेमासाठी मोकळा असतो तो रविवार, आणि तोही शिबिर नसेल तर.

थिएटरचा खर्च मोठा असतो, रिकामी संध्याकाळ त्यांनाही परवडत नाही, हे मी आकड्यांतच नोकरी करत असल्यामुळे समजू शकते. पण संध्याकाळ देऊनच पाहिली नाही, तर ती रिकामी जाते हे ठरवलं कशावरून? रोज नको. पहिल्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार संध्याकाळी सातनंतरचा एक खेळ द्या आणि मग तिकिटांचा आकडा दाखवा. तो आकडा आम्ही मुकाट्याने मान्य करू. ‘ओटीटीवर येईलच की’ असं सांगणाऱ्यांना एवढंच म्हणते, रात्री साडेनऊला भांडी आवरून मोबाइलवर पाहिलेल्या चित्रपटात दहाव्या मिनिटाला झोप लागते.

आपल्याकडे मात्र एक ठोस मागणी आहे. पूर्वी वर्तमानपत्रांत सिनेमाच्या जाहिरातींचं पान असायचं आणि कुठल्या टॉकीजला कितीचा खेळ हे घरबसल्या कळायचं. आता शुक्रवारपासूनच्या वेळा ॲपवर बुधवार-गुरुवारी उमटतात. तेवढ्यात रजेचा अर्ज मंजूर होत नाही. आपण शुक्रवारच्या अंकात मराठी चित्रपटांच्या शहरातल्या वेळांची एक छोटी चौकट द्यावी. आणि परीक्षणात ताऱ्यांच्या शेजारी, शहरात एकूण खेळ किती आणि त्यांतले संध्याकाळी सहानंतरचे किती, हे दोन आकडेही छापावेत. जागा फारशी लागणार नाही.

आपली,
एक बँक अधिकारी, पुणे