रोबोटिक्स शिकवायचे, तर मुलांना वजनदार यंत्र द्या

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

शाळांमधल्या रोबोटिक्स प्रयोगशाळांवर आपल्या वाचकांच्या पत्रांत सध्या जी चर्चा चालू आहे, ती मी लक्ष देऊन वाचतो आहे. सुटे भाग जोडून छोटे यंत्र बनवायचे तयार किट महाग आहे, पालकांना परवडत नाही, असे एका बाजूने; किट नसेल तर मुले मागे पडतील, असे दुसऱ्या बाजूने. पण त्या किटमधून मुलाच्या हाती काय लागते, हे कोणी लिहिले नाही.

माझे साखर पेठेत मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. यंत्रमागाच्या आणि विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणे हा माझा धंदा. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघांनी रिमोटवर चालणारा एक मोठा रणगाडा बांधला आहे. चौघे म्हणजे मी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणारी माझी पुतणी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर काम करणारे एक टर्नर, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, आणि यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग लावण्या-दुरुस्त करण्यात, आयुष्य काढलेले आमचे शेजारी, मामा. या कामात जे डोळ्यांनी पाहिले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे, की हलक्या किटवर जे कधीच शिकता येणार नाही ते वजनदार यंत्र शिकवते; आणि ते समजावून सांगणारी माणसे याच शहरात रिकामी बसून आहेत.

रणगाडा सेंच्युरियन आहे. ही निवड माझी. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ मध्ये फिलोरा आणि चाविंडाच्या लढाईत सेंच्युरियनवर होते, आणि त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेंच्युरियनमध्येच धारातीर्थी पडले. तेव्हा त्यांचे वय होते २१. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे सगळे अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेले की अंगावर येते. सोलापूरच्या शाळांनी सहल काढावी असे ते ठिकाण आहे, करमाळ्यावरून एका दिवसात जाऊन येता येते.

खरा सेंच्युरियन सुमारे ५१ टनांचा. तोफ सोडून लांबी साडेसात मीटरच्या वर, रुंदी ३.४ मीटर. आमचा एकास सहा प्रमाणात, म्हणजे सव्वा मीटर लांब आणि ५६ सेंटिमीटर रुंद. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सहापट कमी झाल्या की वजन सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे २१६ पट कमी होते. त्या हिशेबाने आमचा गाडा २३६ किलोंचा भरायला हवा. पत्रा दोन एमएमचा आणि आत पोकळ, म्हणून तो शंभर किलोंच्या आसपास बसला. नववीतल्या मुलाला घनफळाचे गणित फळ्यावर उमगत नसेल, तर त्याला हा गाडा एका बाजूने उचलायला सांगावा.

सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा चाके असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडीत आडव्या स्प्रिंगा. याला हॉर्स्टमन पद्धत म्हणतात. स्प्रिंगा गाड्याच्या पोटात नसून बाहेर असल्यामुळे दुरुस्तीला सोप्या. मामांनी संग्रहालयात ही रचना वाकून वाकून पाहिली आणि परत आल्यावर भंगारात निघालेल्या मागांच्या स्प्रिंगा धुंडाळायला सुरुवात केली. दोन बोटांत दाबायची, एक डावीकडे ठेवायची, एक उजवीकडे. पुतणीने नंतर त्याच स्प्रिंगा वजनकाट्यावर दाबून तपासल्या, तेव्हा मामांनी उजवीकडे ठेवलेल्या सगळ्या एका ताणाच्या निघाल्या. अण्णांचेही तसेच. पट्ट्याच्या कड्यांना भोके पाडण्याआधी त्यांनी जिग, म्हणजे सगळी भोके एकसारखी पाडणारा साचा, बनवला. का? तर एका कडीत अर्धा एमएम फरक पडला तर शंभर कड्यांत पाच सेंटिमीटर होतात, आणि मग पट्टा स्प्रॉकेटवर, म्हणजे तो ओढणाऱ्या दातेरी चाकावर, बसत नाही. हा विचार कुठल्या किटच्या पुस्तिकेत आहे?

आता विजेचे. पहिल्यांदा आत रिले (विजेवर चालणारे चालू-बंद स्विच), यूपीएसच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि वायरचा रिमोट एवढेच बसवले होते. गाडा एक तर पूर्ण वेगात, नाहीतर उभा. दर वेळी झटका, आणि पट्ट्याच्या पिनांवर ताण. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचे कारण ठाऊक असते. फिरणारी मोटार स्वतःच विजेचा उलटा दाब (व्होल्टेज) तयार करते आणि करंट आवरून धरते. थांबलेल्या मोटारीत तो दाब नसतो. आम्ही व्हीलचेअरच्या २४ व्होल्टच्या मोटारी वापरल्या आहेत, त्यांच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स भरला ०.३ ओहम. ओहमचा नियम लावा: उभ्या मोटारीला सरळ २४ व्होल्ट दिले की पहिल्या क्षणी ८० अँपिअर. शाळेच्या किटमधली पिवळी छोटी मोटार अडली तरी दीड-दोन अँपिअरच्या पुढे जात नाही. तिथे वायर तापत नाही, फ्यूज उडत नाही, म्हणून फ्यूज का लावायचा हा प्रश्नच मुलाला पडत नाही.

पुतणीने रिले काढून मोटर ड्रायव्हर बसवला. त्यात चार मॉस्फेटचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा, एच-ब्रिज असतो. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन दाब हळूहळू चढवतो. गाडा लोण्यासारखा उठू लागला. मग मी वायरला चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावला. सिमेंटच्या अंगणात सरळ जाताना प्रत्येक मोटार सात-आठ अँपिअर घेत होती. जागच्या जागी वळवला की पस्तीस. कारण रणगाड्याला स्टिअरिंग नसते. एक पट्टा पुढे आणि एक मागे फिरवून तो वळतो, आणि त्या वेळी सगळी कडीन्‌कडी जमिनीवर आडवी घासली जाते. हा आकडा मीटरवर बघितलेला मुलगा घर्षण हा धडा विसरणार नाही.

त्या पस्तीस अँपिअरनेच पुढची अडचण उभी केली. वळताना बॅटरीचा दाब क्षणभर खाली यायचा आणि आतला छोटा ईएसपी३२ कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. शिवाय मोटारीच्या ब्रशवरच्या ठिणग्यांमुळे तोफेचा सर्व्हो, म्हणजे ती हलवणारी छोटी मोटार, थरथरायचा. कंट्रोलरला पुतणीने वेगळी छोटी बॅटरी दिली. ब्रशवर ठिणग्यांचा त्रास शोषून घेणारे ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर मी डाग देऊन बसवले, मोटारीच्या दोन्ही टोकांपासून तिच्या बॉडीपर्यंत. सिग्नलच्या वायरी मोटारीच्या जाड केबलपासून लांबून नेल्या. थरथर गेली. मुख्य बॅटऱ्याही बदलल्या: आता लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल ओळीने, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, एकूण २५.६, त्यावर बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारे सर्किट, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशीच फ्यूज.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा आहे. ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत या रेडिओ लहरी वापरायला आपल्या देशात परवाना लागत नाही. पण रिमोटचा सिग्नल तुटला तर काय? गाड्यातला रिसीव्हर नीट सेट केलेला नसेल तर तो शेवटचा हुकूम धरून ठेवू शकतो, म्हणजे शंभर किलोंचा गाडा माणसाच्या पायावर चालतच राहील. सिग्नल तुटला की यंत्राने आपोआप थांबावे, अशा सोयीला पुतणी फेलसेफ म्हणते. ती मामांना हे समजावून सांगायला बसली, तर मामाच तिला म्हणाले, "अगं, आमच्या मागाला वेफ्ट फोर्क असतो. बाण्याचा धागा तुटला की फोर्क पडतो आणि माग थांबतो. चालू राहिला तर कापड वाया. तुझ्या गाड्यात धागा कुठला, ते सांग." पुतणीने रिसीव्हर दाखवला. मामा म्हणाले, "मग तो तुटला की मोटार थांबलीच पाहिजे, आणि ती खरंच थांबते का हे रोज सकाळी बघायचं."

तेव्हापासून आमचा नियम आहे. गाडा ठोकळ्यांवर उचलून, पट्टे अधांतरी फिरत असताना रिमोट मुद्दाम बंद करायचा. मोटारी थांबल्या तरच गाडा जमिनीवर. त्याशिवाय मागच्या बाजूला लाल मशरूम स्विच आहे, तो दाबला की बॅटरीचा पुरवठाच तुटतो. पुतणीला डिप्लोमाच्या पुस्तकात फेलसेफची व्याख्या मिळाली होती. रोज सकाळी तपासायची शिस्त मामांकडून मिळाली.

बाकीचे थोडक्यात. खऱ्या सेंच्युरियनची खासियत म्हणजे गाडा खडबडीत जमिनीवर हलत असतानाही तोफ निशाण्यावर धरून ठेवणारी यंत्रणा. आमच्या टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, त्यासाठी एमपीयू-६०५० नावाचा, हालचाल मोजणारा नखाएवढा जायरो आहे. टरेट गोल फिरतो म्हणून वायरी पिळू नयेत यासाठी स्लिप रिंग, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारी कडी, लावली, ती मात्र माझ्या रोजच्या ओळखीची. जायरोचा शून्यबिंदू तापमानाने सरकतो. सोलापूरच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत गाडा उन्हात उभा राहिला की हे लगेच दिसते, म्हणून तो सावलीत दहा मिनिटे ठेवून मगच शून्य करतो. थ्रीडी प्रिंटरवरची झाकणेही पीएलए प्लॅस्टिकऐवजी पीईटीजी प्लॅस्टिकची केली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि उन्हातला हिरवा पत्रा तेवढा सहज तापतो. तोफेतून काहीही उडत नाही. आवाज, उजेड आणि नळी मागे सरकणे, एवढेच. मुलांसमोर छर्रे उडवणारी तोफ आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेतल्या यंत्र-प्रयोगशाळेसाठी केंद्र सरकार निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. योजना चांगली आहे, ती बंद करा असे मी म्हणणार नाही. पण आपल्याच शहरातल्या एका शाळेत मी गेलो, तेव्हा प्रिंटर प्लॅस्टिकच्या आवरणात होता आणि किटची खोकी मोडतील या भीतीने कपाटात. मोडण्याची भीती असलेल्या वस्तूवर मूल काय शिकणार? आणि त्याच वेळी शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग किलोवर विकले जात आहेत, आणि डोळे मिटून गिअरचा आवाज ओळखणारे जॉबर ओट्यावर बसून आहेत.

माझी मागणी अशी. शासकीय आयटीआय आणि तंत्रनिकेतन यांच्या कार्यशाळा रविवारी सकाळी शाळेच्या मुलांसाठी उघडाव्यात. लेथ, ड्रिल, वेल्डिंग सगळे तिथे आहे. प्रत्येक गटाला एक वजनदार काम द्यावे. रणगाडाच हवा असे नाही, पन्नास किलो ओढणारी गाडी चालेल, शेतातला छोटा कोळपा चालेल, पण अंगावर आला तर लागेल असे यंत्र हवे. आणि शिकवायला निवृत्त जॉबर, टर्नर, वायंडर यांना बोलवावे, मानधन देऊन. मानधनाचा शब्द मी मुद्दाम लिहितो. या माणसांना सत्काराला बोलावतात, शाल देतात, आणि कामाचे पैसे विचारले की गप्प होतात. ज्ञान त्यांचे आहे, वेळ त्यांचा आहे, त्याची किंमत झाली पाहिजे. लॅबच्या अनुदानातून हे बसत नसेल तर महापालिकेने आणि इथल्या उद्योजकांनी भार उचलावा.

एखादी संस्था पुढे आली तर पहिल्या रविवारी व्हीलचेअरच्या दोन मोटारी, क्लॅम्प मीटर आणि आमचा गाडा घेऊन मी येईन. अण्णांनी लेथ शिकवायचे कबूल केले आहे. मामाही येणार आहेत, त्यांची अट एवढीच की सैल बाह्या आणि ओढणी सुटी ठेवून कोणी यंत्राजवळ उभे राहायचे नाही.

आपला,
एक मोटार वायंडर
साखर पेठ, सोलापूर