खानावळीतलं भरीत काड्यांवरच भाजा

संपादक महोदय,

हिवाळा लागला की जळगाव, भुसावळ, यावलकडच्या जुन्या घरगुती खानावळींत भरितासाठी गर्दी होते. घरचीच माणसं रांधतात, वाढतात, आग्रह करतात. पण काही ठिकाणी आता वांगी गॅसवर भाजून मिक्सरमधून काढली जातात. हे थांबायला हवं.

कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ एकदम भडकतो. साल झटकन करपते, गर आतल्या वाफेवर शिजतो आणि धूर त्यात मुरतो. गॅसची ज्योत एकाच जागी लागते. तिथं वांगं जळतं, देठाकडे कच्चं राहतं आणि तो भाग तुरट लागतो. आधी दोन-तीन ठिकाणी टोचलं नाही तर वांगं फुटतं. साल गरम असतानाच काढावी. घाईत वांगं नळाखाली धरलं की धुराचा वास गेलाच! मिक्सरमध्ये रेषा तुटतात, बिया भरडल्या जातात, नुसता लगदा उरतो. म्हणून लाकडी भांड्यात लाकडी दांड्यानंच ठेचायचं.

किलोभर वांग्यांना आठ-दहा हिरव्या मिरच्या, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, अर्धी वाटी शेंगदाणे आणि पातीच्या कांद्याची एक जुडी. तेलात आधी शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग मिरची-लसणाचा ठेचा. पात जेमतेम मऊ झाली की गर घालावा. जास्त परतली तर हिरवेपणा जातो. हळद, टोमॅटो, गरम मसाला यांचं इथं काही काम नाही.

वांगंही आपलंच हवं, फिकट हिरवं, कमी बियांचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जांभळ्या वांग्याचं भरीत 'खान्देशी' म्हणून खपवू नये. सोबत कळण्याची भाकरी: चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद, मीठ घालून दळलेलं. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते.

शहरात काड्या रचायला जागा नाही, शेजारी धुराची तक्रार करतात, ही अडचण खरी आहे. मग वांगी मळ्यात भाजून, ठेचलेला गर झाकणाच्या डब्यात आणावा आणि फोडणी खानावळीत द्यावी. मात्र सकाळचा गर रात्रीला वापरू नये, तो आंबतो. संध्याकाळसाठी पुन्हा भाजावं. आणि ज्यांना गॅसच परवडतो, त्यांनी फलकावर 'गॅसवर भाजलेलं भरीत' असं स्पष्ट लिहावं.

— एक वाचक, जळगाव