नावं दोन, जात एक

चि. अमेय,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या बॅगेत पाण्याची बाटली ठेवताना गोळ्यांच्या दोन कापलेल्या स्ट्रिप दिसल्या. एकीवर 'फ्लॅम' एवढंच उरलेलं, दुसरीची एक्स्पायरी कात्रीत गेलेली. नौपाड्यात इतकी वर्षं मेडिकल चालवलं, म्हणून ओळखता आल्या: एक कॉम्बिफ्लॅम, एक व्होव्हेरान. पहिलीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल, दुसरीत डायक्लोफेनॅक. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक एकाच जातीतली, दुखणं आणि सूज कमी करणारी. सकाळी ही, रात्री ती घेऊन गुडघा लवकर बरा होत नाही, पोटाचा धोका तेवढा वाढतो.

शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे सूज येते, ठणका लागतो. पण जठराचं अस्तर जपणं आणि मूत्रपिंडाला रक्त नीट पोचवणं हेही त्यांचंच काम. गोळी त्यांचं तयार होणंच रोखते. त्यामुळे 'जेवून घेतो ना मी' म्हणून सुटका नाही. रिकाम्या पोटी घेऊ नये हे खरंच, पण औषध रक्तातून फिरूनही अस्तराला बाधतं. शुक्रवारी ऑफिसच्या पार्टीत दोन पेग आणि वर गोळी, हे तर मुळीच नको. शौच डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर अँटासिड पीत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता पावसाळा आहे. तिकडे ऐरोलीत ताप येऊन अंग ठणकायला लागलं, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत यातली एकही गोळी घेऊ नकोस. प्लेटलेट उतरलेल्या असतात, त्यात या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. तापाला नुसतं पॅरासिटामॉल घ्यायचं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात.

आणि आईचे गुडघे दुखले की तुझ्यातली एक तिला देतोस, ते आजपासून बंद. तिच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं औषध आहे. त्या दोन्हींवर ही तिसरी पडली की मूत्रपिंडं अचानक बसू शकतात, बीपीही चढतं. ती 'मला काही होत नाही' म्हणेल. म्हणू दे.

मेडिकलवाला स्ट्रिप कापून देत असेल तर औषधाचं नाव आणि एक्स्पायरी दिसेल असा तुकडा माग. लाजायचं काय त्यात? आम्ही देत होतो.

शनिवारी सकाळी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. टर्फचं बुकिंग रद्द कर.

बाबा