फराळ आणि सायकल: काही शास्त्रीय खुलासे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आली की फराळानंतर वजन कसे उतरवावे, या सल्ल्यांना सगळीकडे ऊत येतो. त्यात ‘सायकल चालवा’ हे हमखास असते. म्हणजे फराळ हा गुन्हा आणि सायकल ही शिक्षा! फराळाने सायकल पळते, ही बाजू कोणी मांडत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी लाडवाचा हिशेब. बेसनाचा 40 ग्रॅमचा लाडू सुमारे 200 कॅलरी देतो. 70 किलोचा माणूस आणि 10 किलोची सायकल 50 मीटर वर न्यायला साधारण 40 किलोज्यूल, म्हणजे दहाएक कॅलरींचे काम पडते. शरीर खाल्लेल्यापैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचवते, बाकीची उष्णता होऊन जाते. तरीही एका चढणीचा खर्च चाळीसेक कॅलरींच्या आतच. मलबार हिल साधारण तेवढीच उंच, म्हणजे एका लाडवात मलबार हिल पाच वेळा. चार लाडू खाऊन कोणी वीस वेळा चढत नसेल, तर तो दोष लाडवाच्या माथी मारू नये.

राहिला दिवाळीत वाढलेला किलो. सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरच्या वेगाला या जादा किलोमागे टायरच्या घर्षणात वॉटचा तिसरा हिस्सा जातो. भराव घालून वाढवलेल्या मुंबईत तो जवळजवळ फुकटच, आणि पूल उतरताना तर तो पुढेच ढकलतो. पुणेकरांनी मात्र हा हिशेब कात्रजला लावू नये. सहा टक्के चढावर ताशी 10 च्या वेगाला तोच किलो दीड वॉटहून जास्त मागतो.

आता वाऱ्याचा प्रश्न. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे पृष्ठभागालगतची हवा मुद्दाम खवळवतात, त्यामुळे ती चेंडूला अधिक काळ धरून राहते आणि मागचा ओढा कमी होतो. इथवर विज्ञान निर्विवाद आहे. अनारसे खाल्ले की त्यांची जाळी मांडीच्या कातडीवर उतरते, हा पुढचा भाग आमचा. त्यासाठी जाळी नीट पडलेली हवी: तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सुकवून दळलेले, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, वरून तूप उडवत तळलेला अनारसा. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात हसतो आणि सगळे वायुगतिशास्त्र कढईच्या तळाला जाते. अनारसे सम संख्येत खावेत. विषम खाल्ल्यास सायकल एका अंगाला ओढते. अशा वेळी चाक ट्रू करायला, म्हणजे त्याचा वाकडेपणा काढायला, दुकानात न नेता आणखी एक खावा.

चकलीचे काम पीळ साठवण्याचे. जाणकारांना ठाऊक आहे की सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. त्यामुळे उजव्या पायासाठी सुलटी आणि डाव्यासाठी उलटी पाडलेली चकली लागते. सगळ्या एकाच दिशेने पाडून डाव्या पायात गोळे आले, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी सोऱ्या धरणाऱ्याशी बोलावे. भाजणीत मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी झाले तर दाताला लागते, आणि मोठ्या आचेवर तळली तर वरून लाल, आतून मऊ. मऊ चकलीत पीळ टिकत नाही.

यात थट्टेपलीकडे कामाचा कोणी असेल तर तो शंकरपाळा. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि मावेल तेवढा मैदा या प्रमाणात 40 ग्रॅम शंकरपाळ्यांतून पंचविसेक ग्रॅम कर्बोदके मिळतात. सायकलवाले वाटेत चोखतात त्या एनर्जी जेलच्या एका पाकिटातही साधारण तेवढीच. दीर्घ फेरीत ताशी 60 ग्रॅम कर्बोदके लागतात, म्हणजे शंभरेक ग्रॅम शंकरपाळे. घोळ इथेच होतो. तेवढ्यांतून वीसेक ग्रॅम तूपही पोटात जाते, ते जठर रिकामे व्हायला उशीर लावते आणि जोर काढताना मळमळते. तूप निम्मे करून पाहायला हरकत नाही, पण मोहन हेच मैद्याचे चिवट धागे तोडत असते. ते कमी झाले की शंकरपाळा दगड होतो. त्यापेक्षा बोराएवढे लहान कापावेत, दर वीस मिनिटांनी दोन-तीन खावेत, वर दोन घोट पाणी घ्यावे, आणि बाकीची भर केळ्याने किंवा साखरपाण्याने करावी.

चिवड्यातले मीठ ऑक्टोबरच्या घामाला उत्तम. मात्र पातळ पोहे चालत्या सायकलवर तोंडात टाकले की श्वासाबरोबर घशात जातात. चिवडा हाजी अलीच्या सिग्नलला, पाय टेकून खावा.

कोणाला चाचणीच घ्यायची असेल तर मरीन ड्राइव्ह बरा. सी लिंक आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे. नरिमन पॉइंटहून चौपाटीकडे लाडू आणि परतताना करंजी, अशी तुलना करू नये. त्यात वारा मोजला जातो आणि नाव करंजीचे खराब होते. तुलनेसाठी फराळ न केलेला माणूसही लागतो. तो दिवाळीत मिळणे कठीण. मिळालाच तर शेजारून ताट येते आणि प्रयोग संपतो.

शेवटची सूचना गांभीर्याने घ्यावी. लाडवाचा तुपकट हात डिस्क ब्रेकला लावू नये. तूप पॅडमध्ये मुरले की ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निघतो, पॅड मात्र बहुधा बदलावेच लागतात. चेनलाही तूप नको. धूळ धरते आणि चार दिवसांत खवट वास येतो.

आपले,
पहाटे सायकल चालवणारे काही वाचक, दादर