माकडताप : काजूच्या हंगामाआधी खानापुरात काय हवे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, विधानसौध, बेंगळूरु

महोदय,

माकडताप, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हटले की बेंगळूरच्या कार्यालयांना शिमोगा आठवतो, फार तर उत्तर कन्नड आणि चिक्कमगळूर. रोग सापडला शिमोग्यातच, १९५७ साली, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. पण २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात निघाला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. त्याच वर्षी गोव्यात काजूच्या कामाला गेलेले बेळगाव जिल्ह्यातले मजूरही तापाने पडले. गोचीड चावली चोर्ला घाटाखाली गोव्यात, ताप भरला घाटावर आपापल्या घरी. आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. आरोग्य खात्याची देखरेख तालुक्याच्या आणि राज्याच्या हद्दीवर थांबते, मजूर थांबत नाही.

हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. त्याचा विषाणू गोचिडीत असतो, आणि माणसाला बहुधा चावते ते गोचिडीचे पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढे. डिसेंबर ते मे हा त्यांचा सुकाळ, आणि काजूची कामेही नेमकी त्याच काळात. आधी झाडाखालची बेणणी (गवत-झुडपे काढणे) आणि पाचोळा गोळा करणे, मग पडलेले बोंडू वेचणे, झाडाखालीच बसून बी पिळून काढणे, तिथेच भाकरी खाणे. बोंडवांवर माकडेही येतात. ज्या पाचोळ्यात माकडाच्या अंगावरची गोचीड गळते, त्याच पाचोळ्यात बाई दिवसभर उकिडवी बसलेली असते. चावलेले बहुतेकदा कळतही नाही. म्हणून ‘गोचीड चावली का?’ असे विचारून ‘नाही’ आले, तर डॉक्टरांनी त्यावर विसंबू नये. ‘गेल्या पंधरा दिवसांत काजूला, लाकडाला किंवा पाचोळ्याला रानात गेला होतात का? कुठल्या गावच्या रानात?’ असे विचारावे. हे दोन प्रश्न आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नंदगड भागातल्या प्रत्येक केसपेपरवर छापूनच द्या.

खरी गल्लत होते ती निदानात. चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांनी एकदम थंडी वाजून ताप भरतो. डोके, कंबर, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात. रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरतात, आणि कागदावर सगळे डेंग्यूसारखे दिसते. नाहीतर टायफॉइडची विडाल चाचणी जेमतेम पॉझिटिव्ह येते आणि टायफॉइडचे औषध सुरू होते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत पेशी उतरलेल्या आहेत, डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह आहे आणि रुग्ण रानात जाणारा आहे, तर त्याच दिवशी माकडतापासाठी रक्त गेले पाहिजे. पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर उपयोगी पडते, पाचव्या दिवसाच्या पुढे आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणीही धरावी. नमुना २ ते ८ अंशांत जावा. ट्यूब थेट बर्फाला टेकवली की पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. नमुने निकामी होतात ते अशा साध्या कारणांनी.

औषध नाही, आधार देणारे उपचारच आहेत, म्हणून काय द्यायचे नाही हे जास्त महत्त्वाचे. अंग ठणकते म्हणून गावातल्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकची सुई टोचली जाते. या तापात रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि प्लेटलेटवर लक्ष. ताप उतरल्यावरही काम संपत नाही. साधारण १० ते २० टक्के रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी तो उलटतो आणि मेंदूवर जातो : डोकेदुखी, मान आखडणे, हात कापणे, भोवळ. घरी सोडताना हे मराठीत लिहून हातात दिले नाही, तर ‘बरा झाला होता की’ म्हणत माणसे घरीच थांबतात. मरण पावणारे शंभरात ३ ते ५ असतात.

चाचणीबद्दल थेट मागणी. आयसीएमआरची पारंपरिक औषध संस्था बेळगावातच आहे आणि कोविडच्या काळात तिथे आरटी-पीसीआर झाल्या. नमुना आधी लायसिस बफरमध्ये, म्हणजे विषाणू निकामी करणाऱ्या द्रावणात, निष्क्रिय करून पीसीआर करण्याची व्यवस्था डिसेंबर ते मे या काळात जिल्ह्यातच हवी. कणकुंबीच्या रुग्णाचे रक्त तपासणीसाठी शिमोग्याच्या रस्त्याला लागू नये.

आता मेलेल्या माकडाचे. वानर किंवा केलडे (लाल तोंडाचे माकड) मरून पडले, की अंग गार होताच त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. ती जागा मग कित्येक दिवस धोक्याची. आमच्याकडे वानर मेले की हार-गुलाल घालून, भजन म्हणत, खांद्यावरून नेऊन पुरतात. मारुतीचा मान आहे तो, त्याची टिंगल करून काही साधणार नाही. पण खांदा देणाऱ्याच्याच अंगावर गोचीड चढते. गावाने लांबून पूजा करावी, आणि हातमोजे व पूर्ण अंगरखा घातलेल्या पथकाने नमुना घेऊन देह जाळावा, असे ग्रामपंचायतीत बसून ठरवता येते. देह दोन दिवस उन्हात सडला की नमुन्याला अर्थ उरत नाही, म्हणून खबर त्याच दिवशी हवी. ती येत नाही, कारण खबर देणाऱ्यालाच वनखाते चौकशीला बसवील अशी भीती असते. चौकशी होणार नाही असे वनखात्याने लेखी जाहीर करावे. त्या जागेभोवती मॅलेथियॉन या कीटकनाशकाची ५ टक्के भुकटी टाकायची ती पाचोळा उलथून खालपर्यंत. वरवर उडवलेली भुकटी वाऱ्यावर जाते आणि कागदावर मात्र काम झालेले दिसते.

माकडतापाची जुनी लस २०२२ मध्ये थांबली. नवी येईपर्यंत भिस्त गोचिडींना दूर ठेवणाऱ्या डेपा तेलावर आणि कपड्यांवर आहे. तेल उघड्या अंगाला, पायाच्या घोट्याला, कमरपट्ट्यापाशी लावायचे, घाम आला की पुन्हा. संध्याकाळी रानातले कपडे गरम पाण्यात, अंघोळ साबणाने, आणि काखा, गुडघ्यामागची खोबण, केसांची मुळे तपासायची. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. विडीने चटका देऊ नये, रॉकेल लावू नये, नखाने चिरडू नये. गाईगुरे रानातून गोचिडी गोठ्यात आणतात, तेव्हा पशुवैद्यकीय खात्याचे औषधही याच महिन्यांत द्या.

शेवटची गोष्ट सत्तरी, दोडामार्ग, चंदगड आणि खानापूर या चार तालुक्यांची. चौघांच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा एकच व्हॉट्सअॅप गट आणि एकच नोंदवही असावी : माकड कुठे मेले, तापाचा रुग्ण कुठल्या बागेतून आला, अहवाल काय आला. सत्तरीत माकड मेल्याची खबर कणकुंबीच्या आशाताईला दुसऱ्या दिवशी कळली, तर ती त्या बागेतून परतलेल्यांचा ताप चौदा दिवस बघू शकेल. त्यासाठी हंगामाआधी तिच्याकडे यादी हवी : कोण कामाला गेले, कुठल्या गावात, मोबाइल नंबर काय. आणि पत्रके, फलक, गाडीवरचा भोंगा कन्नडबरोबर मराठीतही हवा. काजू वेचायला जाणाऱ्या पन्नाशीच्या बायकांना दुसरी भाषा वाचता येत नाही. हा मुद्दा भाषावादात ढकलू नये ही कळकळीची विनंती. बेणणी डिसेंबरात सुरू होते. तेल आणि पत्रके ३० नोव्हेंबरपर्यंत उपकेंद्रांत पोचवावीत.

आपले,
खानापूर तालुक्यातील काही डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्ते